कावसजीचे नाक

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी सकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी आमच्या पुंडलिकनगरातील घरी आली. मराठी घेऊन एम.ए. झालेली, सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी, मनापासून वाचणारी मुलगी. चहा झाला, सेट परीक्षेचा विषय निघून संपला, आणि मग तिने पिशवीतून एक फाइल काढून टीपॉयवर ठेवली. तीत दोन डॉक्टरांनी दिलेले खर्चाचे अंदाज होते आणि संगणकावर तयार केलेली तिचीच दोन चित्रे होती : एक आहे त्या नाकाचे, दुसरे होऊ शकेल त्या नाकाचे. दोन वर्षांत अकरा स्थळे येऊन गेली होती. त्यांपैकी तिघांनी मध्यस्थामार्फत नाकाविषयी कळवले होते. बाकीच्यांनी काहीच कळवले नव्हते. पण तिच्या आईने त्या मौनाचा अर्थही नाकाशीच नेऊन भिडवला होता. मुलीने माझ्याकडे सल्ला मागितला नाही, हे तिचे शहाणपण. ती म्हणाली, "सर, ह्याचाही काही इतिहास असेलच ना? आणि ज्यांनी करून घेतलं त्यांना पुढे पस्तावा झाला की नाही, ते कुणी लिहून ठेवलंय का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार देता येण्याजोगे होते, कारण या इतिहासातले जगभर सर्वाधिक सांगितले जाणारे प्रकरण आपल्याच मुलखात, पुण्याजवळ घडलेले आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडलो. तो प्रश्न मनात धरून ती जुनी कागदपत्रे पुन्हा वाचली, त्यातून हा लेख झाला.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' एवढीच सही असलेले एक पत्र छापून आले. पत्राबरोबर फेटा बांधलेल्या एका माणसाचे चित्र आणि काही आकृत्या होत्या. माणसाचे नाव, इंग्रजी अक्षरांत जसे उतरले तसे, कावसजी. हे नाव ऐकताच आज आपल्याला पारशी गृहस्थ आठवतो. पत्रात मात्र तो शेती करणाऱ्या जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. मूळ नाव कावजी असावे आणि साहेबाच्या कानाने त्यात एक 'स' घुसवला असावा असा माझा तर्क आहे. तर्काहून अधिक वजन त्याला देऊ नये. हा कावसजी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ साली, म्हणजे तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या अखेरीस, तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (ही हकिकत टिपूच्या शत्रूंनी लिहिलेली आहे, हे वाचताना विसरू नये. पण नाक कापणे ही शिक्षा कोणा एका राजाची मक्तेदारी नव्हती. चोरी, फितुरी, व्यभिचार यांसाठी ती देशभर दिली जाई, आणि शत्रूच्या रसदेबरोबर सापडलेल्या बैलवाल्याला ती मिळाली यात अशक्य असे काही नाही.) तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिले.

वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस वैद्य नव्हता. पत्रात त्याची जात वीट करणाऱ्यांची म्हणून दिली आहे. म्हणजे आपल्या बोलीत कुंभार. त्याचे नाव पत्रात नाही. पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत : थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, दोघेही मुंबई इलाख्याच्या नोकरीतले. (फिंडलेचे नाव छापताना 'ट्रिंडले' झाले. साहेबाच्या नावातही चूक होऊ शकते, हे पाहून बरे वाटते.)

शस्त्रक्रियेचे वर्णन मात्र नेमके आहे. कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा करून तो कापलेल्या नाकाच्या खुंटावर हव्या त्या नाकाच्या आकारात बसवला. मग तो पत्रा उचलून, सपाट करून, कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. मेणाचे काम तिथे संपले. त्या रेघेवरून कपाळाचे कातडे सोलून काढले. फक्त दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद देठ न कापता ठेवला. त्या देठातून नव्या नाकाला रक्त मिळत राहते, आणि सगळी किमया त्या देठातच आहे. मग नाकाच्या जुन्या खुंटाभोवतीची कातडी छाटून तिथे खाच पाडली, कपाळाचे कातडे देठाशी पिरगळून खाली आणले आणि त्याच्या कडा खाचेत बसवल्या. टाका एकही नाही. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेली कापडे. पाच-सहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापला आणि नव्या नाकाला थोडा आणखी आकार दिला.

विड्याच्या पानावरचा कात आणि घरातले तूप. भुलीचे औषध नाही. इथर १८४६ मध्ये आले, म्हणजे अजून अर्धशतक लांब. वैद्यकाच्या इतिहासकारांना या कामाचा मान कुंभाराकडे कसा, याचे नवल वाटते. मला तितके वाटत नाही. ओली वस्तू वाळताना आकसते आणि म्हणून ती हवी त्याहून थोडी मोठी घ्यावी लागते, हे कुंभाराच्या हातांना जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणाच्या असणार? कातडेही आकसते. आजचे सर्जन कपाळाचे कातडे वापरतात तेव्हा तेही हा हिशेब धरतात.

इथे पंचवीस दिवसांचा विचार करावा. कपाळावर सोललेली जखम, तोंडावर कपाळाचे उलटे टांगलेले कातडे, आणि एका हाताचा माणूस उताणा निजलेला. देठ शाबूत असेपर्यंत अशा नाकाला स्पर्श केला तर तो कपाळाला झाल्यासारखा वाटतो. नाकावर बसलेली माशी माणूस कपाळावरून हाकलायला जातो. जखम चिघळली असती तर कपाळही गेले असते आणि नाकही. हे सगळे कावसजीने पत्करले, आणि ते का पत्करले हे कोणी विचारत नाही, कारण विचारायची गरज भासत नाही. नाक नसलेला माणूस ज्या रस्त्याने जाई तिथे त्याची हकिकत त्याच्या आधी पोचत असे. चोर, फितूर की व्यभिचारी एवढेच ठरवायचे उरे. त्याच्या तराजूचे एक पारडे समोरच्या प्रत्येकाला दिसत होते.

त्याचे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. आम्हा इकडच्या लोकांना वेल्स परका नाही. पुण्याच्या रेसिडेन्सीत चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाला राहून त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणिसांचे चित्र काढले आणि वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली. १७९५ मध्ये तो वारला. वेरूळची ती चित्रे थॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. ज्या हाताने वेरूळच्या मूर्ती टिपल्या, आणि त्यांतल्या कितीतरी मूर्तींची नाके कधीच गेलेली आहेत, त्याच हाताने पुण्यात एका माणसाला परत आलेले नाक टिपले. विद्यार्थ्यांची सहल घेऊन वेरूळला जाताना हे दर वर्षी आठवते आणि दर वर्षी सांगायचे राहून जाते.

पुढचा प्रवास प्रसिद्ध आहे. लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू याने पुण्याची पद्धत कळल्यावर मॅलेटकडे चौकशी केली. मॅलेटनेही ती हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आल्याचे आणि कुंभार-वीटकऱ्यांच्या हातची असल्याचे सांगितले. कार्प्यूने वर्षानुवर्षे प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. दुसरा रोगी कॅप्टन लॅथम हा १८११ च्या आल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण वाचवताना जायबंदी झालेला. १८१६ साली कार्प्यूने दोन्ही प्रकरणांवर पुस्तक लिहिले, आणि १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या ग्रंथाला 'ऱ्हिनोप्लास्टिक' असे नाव दिले. तो शब्द पुढे जगभर रूढ झाला.

आता आपल्याकडे हा इतिहास सांगताना सुश्रुतापासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून लंडनपर्यंत एक सरळ दोरी ताणायची पद्धत आहे. तीविषयी थोडे कुरकुरल्याशिवाय राहवत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासासंधान आहे, आणि ते थोर आहे यात शंकाच नाही : झाडाच्या पानावर नाकाचे माप घ्यायचे, तेवढे कातडे गालावरून सोलायचे, नाकात दोन नळ्या घालून श्वासाची वाट ठेवायची, वर पतंग, ज्येष्ठमध आणि रसांजनाचे चूर्ण, तिळाचे तेल. पण ते कातडे गालाचे आहे, कपाळाचे नाही. आणि पुण्याच्या कुंभाराने संहिता वाचली असण्याचा संभव नाही. त्याने हे आपल्या बापाकडून किंवा सासऱ्याकडून घेतले असेल, दुसऱ्याच्या तोंडावर पाहून. सुश्रुताचा अभिमान जितक्या जोराने सांगितला जातो तितक्या जोराने त्या कुंभाराचे नाव कोणी शोधलेले नाही.

असो. विद्यार्थिनीचा प्रश्न कापलेल्या नाकाचा नव्हता, धडधाकट नाकाचा होता. त्या शस्त्रक्रियेचे वय पुष्कळच कमी आहे, आणि ते तसे असण्याला कारण आहे. जीव जाण्याचा धोका मोठा असेपर्यंत निरोगी माणूस नाकाच्या आकारासाठी सुरीखाली जात नाही. इथर आले, १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, १८८४ मध्ये जागच्या जागी बधिर करणारे कोकेन आले. आणि १८८७ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या जॉन ऑर्लँडो रोने आखूड, वर उचललेली नाके आतल्या बाजूने कापून, बाहेर व्रण न ठेवता 'दुरुस्त' केली. १८९८ मध्ये बर्लिनच्या जाक जोसेफने एका तरुणाचे मोठे नाक लहान केले. त्या तरुणाच्या नाकाला रोग काही नव्हता. नाकामुळे तो लोकांत मिसळत नसे, एवढेच. जोसेफचे म्हणणे असे की मनाची ही पीडा हाही रोगच, आणि तो बरा करणे हे सर्जनचे काम. जोसेफ स्वतः ज्यू होता. याकोब हे नाव बदलून त्याने जाक केले होते. त्याच्याकडे येणाऱ्यांत बर्लिनचे ज्यू पुष्कळ असत. गर्दीत ओळखू येऊ नये असे नाक त्यांना हवे असे. ज्या शहरात पुढे काय घडले ते ठाऊक असल्यावर त्यांच्या इच्छेला पोकळ हौस म्हणायला जीभ रेटत नाही.

पस्तावा मला कागदावर पहिल्यांदा सापडला तो याच काळात, आणि तोही मेणाच्या रूपाने. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने १८९९ च्या सुमारास शरीरात पॅराफिन टोचून खळगे भरण्याची युक्ती काढली. कापाकापी नाही, रक्त नाही, तासाभरात नाक उंच. युरोप-अमेरिकेत तिची लाट आली. ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन तरुणी, पुढे मार्लबरोची डचेस झालेली, त्या काळच्या विख्यात सौंदर्यवतींपैकी एक. ग्रीक शिल्पांसारखी कपाळापासून सरळ उतरणारी नाकाची रेघ आपल्याला हवी, म्हणून तिने विशीच्या सुरुवातीलाच नाकाच्या मुळाशी पॅराफिन भरून घेतले. मेण जागेवर राहिले नाही. ते हळूहळू खाली सरकले आणि चेहरा कायमचा बिघडला. इतरांच्या गाठी झाल्या, काहींची दृष्टी गेली. पुण्याच्या कुंभाराने मेण माप घेण्यापुरते वापरले आणि बाजूला ठेवले. व्हिएन्नात ते आत ठेवले गेले.

या प्रकाराची आजची बहीण आपल्या शहरातही आहे. शस्त्रक्रियेवाचून नाक उंच करण्याची इंजेक्शने. आमच्या गजानन महाराज मंदिराच्या चौकातून जालना रोडकडे जाताना त्वचा, केस आणि सौंदर्य यांच्या किती पाट्या लागतात ते मी मोजणे सोडून दिले आहे. आजचे द्रव्य पॅराफिन नव्हे, ते बहुधा काही महिन्यांत विरते, आणि जाणत्या हाती बहुतेकदा काही बिघडत नाही. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. सुई चुकून वाहिनीत गेली तर नाकाचे कातडे मरू शकते, आणि क्वचित डोळा जातो. 'क्वचित' हा शब्द ज्याचा डोळा गेला त्याच्या उपयोगाचा नसतो.

मग 'चांगले नाक' कोणते, हे ठरवले कोणी? ग्लॅडिसचे उत्तर ग्रीक शिल्पांत होते, जोसेफच्या रोग्यांचे बर्लिनच्या रस्त्यावर. आपले उत्तर कुठे आहे हे पाहायला गेलो तर आपण एका वेगळ्याच कचेरीत पोचतो. हर्बर्ट रिस्ली हा बंगालचा सनदी अधिकारी, १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख. त्याने कॅलिपर घेऊन लोकांची नाके मोजवली : नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, म्हणजे नासिकांक. आणि सिद्धान्त मांडला की जातीची सामाजिक पायरी तिच्या लोकांच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. नाक जितके बारीक तितकी जात वरची. याला तो शास्त्र म्हणत होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात निरनिराळ्या प्रांतांतली मापे शेजारी शेजारी ठेवली आणि हा सिद्धान्त देशभर लागू पडत नसल्याचे दाखवले. आणि १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी घुर्यांनी दिलेल्या त्याच आकड्यांवरून सांगितले की, नासिकांक हा वंशाचा पुरावा मानायचाच असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ग्रंथ निघाल्यानंतर दोन वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांनी आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. रिस्लीचा सिद्धान्त गेला. पण 'नाकीडोळी नीटस' या आपल्या मोजमापात त्याची पट्टी कुठेतरी शिल्लक राहिली आहे की काय, असा संशय मला वधूवर मेळाव्यांच्या पुस्तिका चाळताना येतो. किंवा उलटही असेल : ती पट्टी आपलीच, आणि रिस्लीने ती आपल्याकडूनच उचलून कॅलिपरला बांधली असेल.

कारण भाषा तर रिस्लीहून जुनी आहे. आपण कुटुंबाची अब्रू नाकात ठेवली. नाक कापले जाते, नाक वर राहते, नाक घासावे लागते. नवऱ्यामुलाच्या नाकावर म्हण नाही, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने आपण केव्हाच ठरवून ठेवली. मुलगी जन्मली की न्हाऊ घालणारी बाई तेलाच्या बोटांनी नाकाचा शेंडा ओढून 'सरळ' करू लागते. आमच्या घरीही ओढले गेले. म्हणीचा अर्थ मी पंधरा-वीस वर्षे वर्गात शिकवला, मुलांना वाक्यात उपयोग करायला लावला. त्या वर्गांत ही मुलगीही बसलेली होती, हे त्या रविवारी प्रथम लक्षात आले.

इथवर आल्यावर 'नाक दुरुस्त करणे' आणि 'नाक सुंदर करणे' यांत एक स्वच्छ रेघ ओढावी, पहिल्याला मान द्यावा आणि दुसऱ्याला नावे ठेवावीत, असा मोह होतो. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात डॉ. नोशिर अँटिया यांनी, इंग्लंडात हॅरल्ड गिलिझ यांच्या हाताखाली शिकून आल्यावर, पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात बसकी झालेली नाके उभी केली. रोग बरा झाला तरी चेहरा रोगाची जाहिरात करत राही आणि माणसाला घर, काम मिळत नसे. ते नाक दुरुस्तीचे की सौंदर्याचे? श्वासापुरते पाहिले तर पुष्कळांचे त्यावाचून चालले असते. खुद्द कावसजीचा कुंभारही पंचविसाव्या दिवशी पुन्हा सुरी घेतो ती नाक अधिक चांगले दिसावे म्हणून. तेव्हा रेघ शोधणे मी सोडून दिले. फरक आहे तो तराजूत. कावसजीच्या एका पारड्यात नसलेले नाक होते, कोंढव्याच्या रुग्णाच्या पारड्यात बंद झालेली दारे. माझ्या विद्यार्थिनीच्या पारड्यात चांगले चालणारे नाक आहे, आणि त्याचा दोष तिला आरशाने दाखवलेला नसून अकरा घरांनी कळवलेला आहे, त्यांतही आठांनी न बोलता.

धोके तिला पाठ होते, मी सांगायची गरज नव्हती. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचा धोका, शेंड्याची बधिरता, दोन नाकपुड्यांत फरक, मधल्या पडद्याला भोक, आणि मुख्य म्हणजे श्वास. नाक बारीक करताना आतली वाट अरुंद झाली तर माणूस उरलेले आयुष्य तोंडाने श्वास घेतो. सूज पूर्ण उतरून खरे नाक दिसायला साधारण वर्ष लागते, म्हणजे लग्नसराई साधण्याचा हिशेब तिथेच चुकतो. वैद्यकीय लेखनात पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्यांचे प्रमाण साधारणपणे शंभरात पाच ते पंधरा असे सांगितले जाते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते, कारण आता व्रण कापायचा असतो. तिला ठाऊक नव्हता तो एक अभ्यास : बेल्जियममधील ल्युव्हेन येथे नाकाची शस्त्रक्रिया मागायला आलेल्या २२६ जणांची पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे एक तृतीयांश लोकांत आपल्या रूपातील किरकोळ किंवा नसलेल्याच दोषाने मन पछाडले जाण्याची मध्यम ते तीव्र लक्षणे आढळली. अशा माणसांचे समाधान सुरीने होत नाही. नाक सुधारले तर दोष दुसरीकडे जाऊन बसतो. हे ऐकून ती म्हणाली, "पण मला तो दोष आधी दिसतच नव्हता, सर. आता दिसतो." या वाक्याचे काय करावे ते मला अजून कळलेले नाही.

पस्ताव्याचे एक प्रकरण मला घरचे माहीत आहे. माझ्या मावसबहिणीने पंधरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, एका मोठ्या शहरात नाक करून घेतले. काम उत्तम झाले. कोणतीही गुंतागुंत नाही, श्वास मोकळा, नाक खरोखर देखणे. लग्नही झाले. पुढे मावसोबा वारले आणि दहाव्याच्या दिवशी भिंतीवर त्यांचा फोटो लागला, तेव्हा आल्यागेल्याने तिच्या धाकट्या भावाला म्हटले, "अगदी वडिलांचं नाक!" ते नाक खरे तर तिचे होते, भावापेक्षाही नेमके तिचेच होते. ती काही बोलली नाही. मला ते महिनाभराने बोलता बोलता सांगितले, आणि लगेच म्हणाली, "पस्तावा नाही रे, दादा, पस्तावा नाही म्हणणार." या वेदनेला डॉक्टरांच्या कुठल्या तक्त्यात रकाना असेल? तिला फॉर्म भरायला दिला असता तर तिने 'समाधानी' यापुढेच खूण केली असती, आणि ते खोटे ठरले नसते.

कावसजीला तर कोणी फॉर्मही दिला नाही. त्याचे नाक पक्के बसले, जवळजवळ मूळच्यासारखे दिसते, कपाळावरचा व्रण काळाने फारसा जाणवत नाही, असे पत्र सांगते. पण हे पाहणाऱ्यांचे शब्द आहेत. त्याच्या तोंडचा एक शब्द कोणी टिपलेला नाही. कार्प्यूच्या अधिकाऱ्याचे आपल्याला इतके तपशील मिळतात की त्याचा जवळून परिचय झाल्यासारखे वाटते. आपल्या कावसजीचे चित्र आहे, आकृती आहे, पट्ट्यांची संख्या आहे. नव्या नाकाने तो घरी गेला तेव्हा घरच्यांनी काय केले, हे नाही.

हे सगळे मी त्या मुलीला एका बैठकीत नव्हे, तीन रविवारी सांगितले. तिसऱ्या रविवारी संगणकावर वेल्सच्या चित्रावरून केलेला छाप तिला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि हाताचं काय झालं, सर?" हाताचे काही झाले नाही. हात बसवणारा कुंभार कोणी नव्हता. एका हाताने बैल हाकता येत नाहीत, म्हणूनच ते पेन्शन.

दुसऱ्या डॉक्टरांकडची वेळ तिने रद्द केलेली नाही, आणि करावी असेही मी म्हटलेले नाही. त्यांना विचारायचे प्रश्न मात्र आम्ही मिळून कागदावर काढले. गेल्या वर्षी अशा किती केल्या, त्यांतल्या किती पुन्हा कराव्या लागल्या, पुन्हा करावी लागली तर खर्च कोणाचा, मधला पडदा आधी तपासणार का, संगणकावरच्या चित्रातले नाक मिळेलच असे लिहून देणार का. शेवटचा प्रश्न तिने स्वतःच घातला : तुमच्याकडून करून घेतलेल्या आणि आता खूश नसलेल्या एखाद्या बाईशी, ती तयार असेल तर, माझी गाठ घालून द्याल का?